चहाच्या वेळचे फोटो

माझ्या स्टुडिओचं दार अडीच फुटांचं आहे. पासपोर्टच्या फोटोला येणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं. तीसेक वर्षं ते सगळ्यांना पुरलं, आणि मग एका शनिवारी दुपारी एक मुलगा त्या दारात अडकला. त्याच्या डोक्यावर शिंगं होती, आणि ती इथं, मद्रासजवळच्या आवडी गावात, रस्त्यावर बसणाऱ्या कुठल्याही म्हशीच्या शिंगांपेक्षा मोठी होती. अंग तिरकं करून तो आत आला, मला वाकून नमस्कार केला आणि त्या नादात माझी ट्यूबलाइट फोडली.

"अक्का, इथं पोर्ट्रेट काढता ना?" त्यानं तमिळमध्ये विचारलं.

"काढते. पण तू कोण?"

"मी अंबत्तूरला एका कंपनीत टेस्टिंगला आहे."

"ते राहू दे. हा कोण?" मी शिंगांकडे बोट केलं.

मग त्यानं मला ती शिंगं असलेल्या राजाची गोष्ट सांगितली. पाऊण तास सांगितली. मी काचा झाडत ऐकत होते. राजावर फार अन्याय झाला होता, एवढं माझ्या लक्षात आलं. त्या दिवशी मी त्याचे फोटो काढले, आणि पुढच्या महिन्यात त्याच्या चार मैत्रिणी आल्या, पाठोपाठ त्यांचे मित्र. फोनमध्ये कॅमेरे आल्यापासून माशा मारत बसलेला माझा स्टुडिओ या पोरांनी पुन्हा चालू केला. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून मी काम जवळजवळ थांबवलं आहे, पण शेवटची सहा-सात वर्षं मी प्रामुख्यानं राक्षस, योद्धे आणि चेटकिणी यांचीच फोटोग्राफर होते.

या प्रकाराला कॉस्प्ले म्हणतात. खेळातलं, चित्रकथेतलं एखादं पात्र आवडलं की त्याचा वेश हुबेहूब तयार करायचा आणि घालायचा. फॅन्सी ड्रेस म्हटलेलं त्यांना अजिबात खपत नाही. भाड्यानं आणलेला वेश तर त्यांच्यात हलका समजतात. चटईच्या फोमची चिलखतं, रंगवलेली तलवार, केसांचा टोप, डोळ्यांत रंगीत भिंगं, सगळं महिनोन्‌महिने घरी बसून केलेलं. वर्षातून एक-दोनदा त्यांचे मेळावे भरतात, पण तिथल्या गर्दीत धड फोटो निघत नाहीत. म्हणून ही मंडळी माझ्याकडे यायची.

मी कराडच्या फोटोग्राफरची मुलगी. लग्न होऊन आवडीला आले, यजमान संरक्षण खात्याच्या कारखान्यात. क्वार्टरमध्ये बसून जीव रमेना, म्हणून स्टेशनजवळ ही खोली घेतली. वडिलांनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली, निगेटिव्ह कधी फेकायची नाही. माझ्याकडे बिस्किटांच्या डब्यांतून नंबर घातलेल्या निगेटिव्ह अजून आहेत. इथं कुणी गेलं की गल्लीच्या तोंडाशी त्याच्या फोटोचा फलक लागतो, आणि तो फोटो घरात सापडत नाही. मग लोक धावत स्टुडिओत येतात. "अक्का, अप्पांचा फोटो तुमच्याकडेच काढला होता, बारा-तेरा वर्षं झाली असतील," असं कुणी म्हटलं की मी डबा उघडायची आणि अर्ध्या तासात अप्पा हजर करायची. याचा मला गर्व होता. होता म्हणते, कारण त्याचंच पुढं सांगायचं आहे.

दुसरी गोष्ट, घरच्या माणसाला आत घ्यायचं नाही. स्थळांना पाठवायचे फोटो काढायला मुली यायच्या तेव्हा त्यांच्या आया मागं उभ्या राहायच्या. हनुवटी खाली घे, एवढं नको हसू, पदर नीट कर. मुलीच्या चेहऱ्याचं लाकूड व्हायचं. तेव्हापासून माझा नियम पक्का होता. पडद्याच्या आत ती आणि मी, बाकीचे बाहेर जिन्यातल्या बाकावर. कितीतरी आया माझ्यावर रुसल्या, पण फोटो बघून परत आल्या.

कॉस्प्लेवाल्यांसाठी तर मी आणखी सैल पद्धत काढली. घड्याळ बघायचं नाही. पहिला अर्धा तास कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. वेश चढवताना मी नुसती मदत करायची, कुणाची पाठीमागची बक्कल लाव, कुणाचा पंख धर. फोटोंना सुरुवात झाली की मध्येच मी गाणं लावायची, पात्राची गोष्ट विचारायची. एक बँकेतले अधिकारी होते, पन्नाशीचे, दुसऱ्या शनिवारी सुटकेस घेऊन यायचे आणि राक्षसांचे सेनापती व्हायचे. त्यांना प्रिंट नको असायची. "घरी ठेवायला जागा नाही," म्हणायचे. स्टुडिओच्या स्क्रीनवर स्वतःला दहा मिनिटं बघायचे, तोंड धुवायचे आणि निघून जायचे. त्यांना मी कधी काही विचारलं नाही.

आणि कामाच्या मध्यावर चहा. भिंगांनी डोळे चुरचुरायला लागलेले असायचे, टोपाखाली डोकं उकडलेलं असायचं. टोप मांडीवर घेऊन, एक भिंग काढून, तोंडावर अर्धा रंग तसाच ठेवून ही पोरं स्टुलावर बसून चहा प्यायची. त्या वेळी मी दिवे थोडे हलवायची आणि "लाइट बघते हं," असं म्हणून चार-सहा फ्रेम काढायची. लाइटसाठी म्हणून त्या असायच्या, पण खरं सांगते, पुष्कळदा तेच त्या दिवसाचे सगळ्यात चांगले फोटो असायचे. राक्षसही नाही आणि अंबत्तूरचा टेस्टिंगवालाही नाही, त्या दोघांच्या मधलं कुणीतरी दमून, खुशीत बसलेलं असायचं.

पण ते फोटो राहायचे नाहीत. कारण यांच्यातल्या एका मुलीचा असाच अर्धवट वेशातला फोटो कुठूनतरी बाहेर गेला आणि लोकांनी तिची एवढी टवाळी केली की तिनं हा नादच सोडला. तेव्हापासून सगळ्यांचा एकच आग्रह, टोप उतरलेला एकही फोटो ठेवायचा नाही. मग मी तोच माझा नियम केला. फोटो झाले की आम्ही दोघं कॉम्प्युटरसमोर बसायचो. पोरं सांगतील ते मी काढून टाकायची, ठेवायचे ते कॉम्प्युटरवर घ्यायची आणि कार्ड त्यांच्यादेखत साफ करायची. पोरांना माझ्याइतका विश्वासू फोटोग्राफर मद्रासात दुसरा नव्हता. वडिलांची पहिली गोष्ट मी अशी हसत हसत सोडून दिली.

तुळजा पहिल्यांदा आली तेव्हा मी फोनवर बहिणीशी बोलत होते. ती दारातच थांबली आणि म्हणाली, "तुम्ही मराठी की?" तंजावरकडचे जुने मराठी लोक इथं पुष्कळ आहेत. त्यांची मराठी ऐकली की मला पणजोबांची पत्रं आठवतात, आणि मध्येच चार शब्द तमिळ येतात. तुळजा सव्वीस वर्षांची, अंबत्तूरला कॉम्प्युटरवर काम करणारी, उंच आणि अबोल. कुठल्याशा खेळातली एक राणी ती व्हायची. युद्ध हरलेली, राज्य गेलेली राणी. तिचा झगा मी हातात घेतला आणि उलटून बघितला. करड्या रंगाचे पाकळ्यांसारखे शेकडो तुकडे एकावर एक शिवलेले, आणि एक टाका वाकडा नाही.

"हे कुणी शिवलं?"

"अम्मानं."

तिची आई, कमलाबाई, आवडीला लष्कराचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात मशिनवर होती. दिवसभर जवानांच्या विजारी शिवायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन हरलेल्या राणीचा झगा शिवायचा. वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. घरात या दोघीच.

"आई काय म्हणते या सगळ्याला?" मी विचारलं.

"काही म्हणत नाही. माप घेते आणि शिवते," तुळजा म्हणाली. "आमच्या घरी आता बोलणं फार होत नाही, अक्का."

ती तीनदा आली. तिसऱ्या वेळी झग्याला मागं लोळणारा लांब शेपटा लावला होता, त्याची घडी घालता येत नव्हती. म्हणून तो चादरीत गुंडाळून, लहान मुलाला आणावं तसा दोन हातांवर घेऊन कमलाबाई बरोबर आल्या. ठेंगणी, चष्म्याची, बोटांना मशिनचं तेल लागलेली बाई.

"अक्का, अम्मा आत बसली तर चालेल का?" तुळजानं विचारलं. "तिनं हे माझ्या अंगावर घातलेलं कधी बघितलं नाही."

मी नियम सांगितला. तोही समजूत घालायच्या सुरात, म्हणजे पुढच्याला बोलायला जागा राहत नाही. कमलाबाईंनीच माझी बाजू घेतली. "असू दे. मी भाईर बसते. तुमचं काम होऊ दे," म्हणाल्या आणि बाकावर जाऊन बसल्या. मी पडदा ओढला.

काम छान झालं. मधे चहा झाला. तुळजा स्टुलावर बसली होती, टोप मांडीवर, स्वतःचे केस पिनांनी डोक्याला चापून बसवलेले, एक डोळा राखाडी आणि एक तिचा स्वतःचा. मी दिवा हलवत होते. हलवता हलवता मी काहीतरी बोलले आणि तुळजा हसली. ही मुलगी इतकी हसू शकते याची मला कल्पना नव्हती. खांदे हलायला लागले, चहा बशीत सांडला, ती एका हातानं मला थांबा थांबा अशी खूण करत होती. मी बटण दाबलं.

नंतर कॉम्प्युटरवर तो फोटो आला तेव्हा माझा हात थांबला. एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"हा ठेवू या का गं?"

तिनं मान वाकडी करून बघितलं. "नको अक्का. हा कोण बघणार?"

मी तो काढून टाकला. मग नेहमीप्रमाणे कार्ड साफ केलं.

बसनं जायचं म्हणून तुळजानं तोंड पुसलं, कपडे बदलले, झगा पुन्हा चादरीत गेला. बाहेर आल्यावर कमलाबाई उठून उभ्या राहिल्या.

"बरं झालं का?"

"फार सुंदर शिवलंय तुम्ही," मी म्हटलं.

"शिवलेलं मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "दिसली कशी?"

"फोटो पाठवते ना," मी म्हटलं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

सव्वा महिन्यानं कमलाबाई एकट्या आल्या. दुपारची वेळ होती. मी त्यांना लगेच ओळखलं नाही. त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या, "तुळजा गेली, अक्का. पांच दिवस ताप आला, गेली."

मी त्यांना स्टुलावर बसवलं. पाणी दिलं. मग तिचे राणीचे फोटो स्क्रीनवर लावले. कमलाबाईंनी ते सगळे नीट बघितले. एका फोटोत शिवण जवळून दिसत होती, तिथं त्या थोड्या पुढं वाकल्या. मग म्हणाल्या, "हे तिनं मला फोनवर दाखवले होते. हे नव्हे."

"मग कुठला?"

"हसली तो."

त्यांचं बोलणं सावकाश होतं, एकेक टाका घालावा तसं. त्या म्हणाल्या, "घरांत फोटो पुष्कळ आहेत. कॉलेजातले आहेत, लग्नांतले आहेत. पण तिचे अप्पा गेल्यावर ती हसली नव्हती. मीही नाही. त्या दिवशी मी भाईर बसूनशनी ऐकलं. पहिल्यानं वाटलं आंत दुसरी कोणी मुलगी आहे. मग ओळखलं. तेव्हाचा फोटो असेल की तुमच्याकडे. तो द्या मला."

इथं मी खरं सांगायला हवं होतं. तिनंच नको म्हटलं होतं, मी पुसला, एवढं दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण निगेटिव्ह कधी न फेकणारी बाई म्हणून मी तीस वर्षं मिरवले होते आणि ही माझ्यापुढं हात जोडून बसली होती. माझी जीभ रेटेना. "शोधावा लागेल," मी म्हटलं. "जुन्या कॉम्प्युटरवर असेल."

त्यानंतर दर रविवारी त्यांचा फोन यायचा. "मिळालं का, अक्का?" एवढंच. मी म्हणायची, शोधते आहे. "बरं," म्हणून त्या फोन ठेवायच्या. कधी रागावल्या नाहीत, त्यामुळे मला जास्त लाज वाटायची.

चौथ्या रविवारनंतर मी कार्ड घेऊन जॉर्ज टाउनला गेले. तिथल्या एका गल्लीत पुसलेल्या फायली परत काढून देणारा एक माणूस बसतो. कार्ड पुसलं तरी फोटो लगेच नाहीसा होत नाही, त्यावर दुसरे फोटो बसेपर्यंत तो खाली पडून असतो. त्यानं मला विचारलं, नंतर वापरलं का? वापरलं होतं. एका बाळाचे कान टोचतानाचे फोटो होते, दोन पासपोर्ट होते, एक सेनापती होते. तो म्हणाला, आशा धरू नका.

दोन दिवसांनी त्याच्याकडून एकच फाइल मिळाली. मी तिथंच उभं राहून ती बघितली. वरचा भाग स्वच्छ होता. चापून बसवलेले केस, पिना, कपाळ, एक राखाडी आणि एक काळा डोळा, नाकाचा शेंडा. त्याच्या खाली सरळ रेघ आणि नुसता राखी रंग. ओठ नव्हते, चहा नव्हता, हात नव्हता. तिथं बाळाचा कान बसला होता.

मी घरी येऊन नको तो उद्योग केला. फोटो जुळवणं हे माझं काम आहे, मिटलेले डोळे उघडून द्यायचे, विटलेल्या अप्पांना नवा सदरा चढवायचा, हे मी शेकडो वेळा केलंय. तुळजाच्या दुसऱ्या फोटोंतून मी ओठ घेतले. पण राणी कुठल्याच फोटोत हसत नव्हती, तिचे ओठ काळे आणि मिटलेले. मग दुसऱ्या एका मुलीचं हसू घेतलं, रंग जुळवला, हनुवटी बेतली. तीन दिवस खपले. सफाईदार काम झालं होतं, आणि ती तुळजा नव्हती. ते मी पुसलं तेव्हा हात अजिबात थांबला नाही.

शेवटी कमलाबाईंना बोलावलं. या वेळी सगळं सांगितलं. तुळजाला विचारलं होतं तेही, ती काय म्हणाली तेही. ऐकताना त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, बराच वेळ पुसत राहिल्या.

"हा कोण बघणार, असं म्हटली?"

"हो."

"मी भाईरच होते की," कमलाबाई म्हणाल्या.

मी माफी मागितली. खोटं बोलल्याची मागितली, फोटो पुसल्याची मागितली, आणि त्या दिवशी त्यांना आत येऊ न दिल्याची मागितली. त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते मला समजलं नाही. मग मी तो अर्धा फोटो लावला.

त्या उठून स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या. पिना लावलेल्या केसांवर बोट ठेवलं, मग कपाळावर. डोळ्यांच्या कोपऱ्यांत बारीक सुरकुत्या पडल्या होत्या, तिथं त्यांचं बोट थांबलं.

"हसत्येय की," त्या म्हणाल्या.

"हो, हसतेय."

"एवढं पुरे."

प्रिंट काढून होईपर्यंत त्या स्टुलावर बसून राहिल्या. मी ती पाकिटात घालून दिली. त्यांनी ती पिशवीत ठेवली, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"अक्का, तुम्ही काय म्हटलं होतं तेव्हा? कशाला हसली ती?"

मी आठवायला लागले. दिवा आठवला, बशी आठवली, तिचा वर केलेला हात आठवला. मी बोलले होते हे नक्की आठवलं, पण काय बोलले ते आठवेना. मी सगळ्यांशीच असं काहीतरी बोलायची, तो माझ्या कामाचा भाग होता, त्यातलं कोणतं त्या दिवशी बोलले कोण जाणे. एखादी गंमत रचून सांगता आली असती. पण ओठ रचून झाले होते, आता शब्द रचायचा धीर होईना.

"आठवत नाही हो," मी म्हटलं.

कमलाबाईंनी पिशवी खांद्याला लावली. "आठवलं तर फोन करा," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

त्याला दीड वर्ष झालं. त्यांचा फोन आता येत नाही, कारण करायचा तो मला आहे. स्टुडिओत गेले की मी स्टूल तिथंच ठेवते, दिवा तसाच हलवते, आणि तोंडाला येईल ते बोलून बघते. अजून मी त्यांना फोन केलेला नाही.